गयामायचं दाढीवालं फूल

गयामाय कुणाच्या घरात शिरताना दारात थांबली, असं मी वसमतमध्ये एवढी वर्षं काढून एकदाही पाहिलं नाही. सरळ आत. गॅसवर काय शिजतंय ते झाकण उचलून बघायचं, परत झाकायचं, आणि बसता बसता विचारायचं, "काय करून राहिलीस गं शोभा?" मी शिलाई मशीनवर बसलेली ढळढळीत दिसत असायची. तरी विचारायचं. आणि उत्तराला थांबायचं नाही.

झाकण्याचं तर तिला वेडच होतं. उघडी वस्तू तिला बघवतच नसे. पाण्याचा माठ, पिठाचा डबा, परातीतली कणीक, जे उघडं दिसेल त्यावर तिच्या हाताला येईल ते पडायचं. कुणाचं लेकरू झोपलेलं असलं की त्याच्यावर फडकं, मग वैशाख असो नाहीतर काही असो. आमचे हे एस.टी. डेपोत कामाला. रात्रपाळी करून आले की दुपारी उघडेबंब झोपायचे. एकदा घामानं चिंब होऊन उठले, तर अंगावर ही जाड वाकळ. "कोणी टाकली?" म्हणून ओरडले. मी म्हटलं, "कोण टाकणार दुसरं?" त्यानंतर हा माणूस भर उन्हाळ्यात बनियन घालून आणि दाराला कडी लावून झोपायला लागला.

गयामायचं घर आमच्या शेजारी आणि शेत आसना नदीच्या अलीकडं. शेतात हळद. दुसरं काही लावणं तिला कमीपणाचं वाटायचं. बोटं बारा महिने पिवळी. वाळलेलं हळकुंड कानाशी धरून मोडायची. आवाज मनासारखा आला तर ठीक, नाहीतर ज्यानं ती हळद शिजवली त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. हळद लावणाऱ्याची एक गोष्ट मी तिच्याकडूनच शिकले. जमिनीतला गड्डा कधी उघडा पडू द्यायचा नाही. पावसानं माती धुपून गड्डा वर दिसला की तो हिरवा पडतो, वाया जातो. म्हणून झाडाच्या बुडाशी माती ओढायची, त्याला भर लावणं म्हणतात. गयामाय दुसऱ्याच्या शेतातून चालली असली तरी पायानं माती सारून गड्डे झाकत जायची. मग त्या शेतमालकाला गाठून शिव्या द्यायची, ते वेगळंच.

नवरा फार लवकर गेला होता. पोरगा एकच, भगवान. तिनं एकटीनं वाढवला, आणि शाळा संपल्या संपल्या तो मिलिटरीत गेला. हिमाचलात कुठंतरी पोस्टिंग होतं, तिथंच त्यानं लग्न केलं. पोरीचं नाव बिमला. एकदा चार दिवस तिला घेऊन आला, तेव्हा अख्खी गल्ली गोरीपान सून बघायला लोटली होती. गयामाय दारात उभी राहून लोकांना हाकलत होती, "काय बघून राह्यले? तिला काय शिंगं हायत का?" आतून खूश होती, हे न कळायला आम्ही काही आंधळे नव्हतो.

त्यानंतर वर्षाच्या आतच ती बातमी आली. भगवानची गाडी दरीत गेली. मिलिटरीच्या ट्रकमधून पेटी आली, आणि पेटीबरोबर बिमला. हातात एक पत्र्याची ट्रंक आणि एक कापडी पिशवी. एवढा आकांत झाला गल्लीत, पण ती पोरगी रडली नाही. भिंतीला टेकून बसली, ती बसली. गयामाय रडली, ऊर बडवून रडली, आणि तेराव्याला डोळे पुसून शेतात गेली.

मग सुरू झाली ती मोठी अवघड वर्षं. एका घरात दोन विधवा, आणि दोघींना एकमेकींचं बोलणं कळत नाही. गयामायचं हिंदी म्हणजे, "ए बिमला, इधर आव. रोटी खाव. काहून नहीं खाती?" बिमला मान डोलवायची, दोन घास खायची. माझं माहेर नांदेडचं, शेजार सगळा दखनी बोलणारा, त्यामुळं मला हिंदी यायचं. म्हणून मी दोघींच्या मधली. पण मधे पडायला कुणी बोलायला तर हवं! बिमला बोलायचीच नाही.

एक दिवस गयामाय माझ्याकडं आली, आणि झाकणबिकण न उचलता खालीच बसली. म्हणाली, "शोभा, भगवान माझ्यापाशी व्हता तवर माझा व्हता. मिलिटरीत गेल्यापासूनचा भगवान हिच्यापाशी हाय. कसा ऱ्हात व्हता, काय खात व्हता, कशाला हसत व्हता, सगळं हिच्या पोटात हाय. आन ही तोंड उघडंना. उद्या उठून गेली तं? मंग माझा लेक मला दुसऱ्यांदा गेला."

गयामायच्या दारापुढं बैठकीएवढी मोकळी जागा होती. दिवसभर ऊन. तिथं मिरच्या वाळायच्या, कुरडया वाळायच्या. पेटी आली त्यानंतर महिना-दीड महिन्यानं बिमलानं ती कापडी पिशवी उघडली आणि त्या जागेत काहीतरी लावायला लागली. मी बघायला गेले. आल्यासारखे, हळदीच्या गड्ड्यासारखे कंद. तिच्या आईच्या अंगणातले. आसनेतले गोल गोटे आणून तिनं कड केली आणि कंद लावले, ते अर्धे मातीत, अर्धे वर. पाठ सगळी उन्हात उघडी.

गयामाय शेतातून आली आणि डोक्यावरचा भारा खाली टाकायच्या आधीच ओरडली, "अगं बाई, उघडे काहून ठिवले? ए बिमला, माटी डाल ना उप्पर!"

बिमला म्हणाली, "नहीं माँजी. इनको धूप चाहिए."

मी सांगितलं. गयामाय माझ्याकडंच रागानं बघायला लागली. "धूप पाह्यजे म्हनं. गड्ड्याला धूप!" पण सुनेनं पहिल्यांदाच काहीतरी हातात घेतलं होतं, म्हणून गप्प बसली. जाता-येता मात्र तिकडं बघायची नाही. आडोशाला कुणी अंघोळ करत असावं तशी मान फिरवून जायची.

कसलं फूल येतं, म्हणून मी बिमलाला विचारलं. तिनं हातानं वीतभर उंची दाखवली. जांभळं असतं, तीन पाकळ्या वर, तीन खाली लोंबत्या, आणि खालच्या पाकळीवर मऊ पिवळी लव, अगदी दाढीसारखी. मी गयामायला सांगितलं तर ती हसायलाच लागली. भगवान गेल्यावर पहिल्यांदा. "फुलाला दाढी? माझ्या लेकानं तरी कुठल्या मुलखात सोयरीक केली!" माझा भाचा परभणीला शेतकी कॉलेजात होता, त्यानं नाव सांगितलं. आयरिस. त्यातली दाढीवाली बुटकी जात. "आत्या, ते थंड मुलखाचं आहे. आपल्याकडं होत नाही," असंही म्हणाला. ते मी त्या दोघींना सांगितलं नाही. सांगून काय करायचं होतं?

हिवाळ्यात पंख्यासारखी पानं फुटली. फूल नाही. मग उन्हाळा लागला, आणि त्या मे महिन्यात बिमलाला टायफॉईड झाला. नांदेडला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर-नर्सशी बोलायला कुणी हवं म्हणून मी तिच्यापाशी राहिले. गयामाय रोज एस.टी.नं डबा घेऊन जा-ये करायची. इकडं दारापुढची पानं उन्हानं पिवळी पडायला लागली होती. उन्हाळ्यात ती झाडं तशीच निजतात, हे नंतर कळलं. पण गयामायला कसं कळावं? सून दवाखान्यात, आणि सुनेची झाडं माना टाकताहेत. एवढंच तिला दिसत होतं.

मग तिनं केलं ते. हळदीच्या माणसानं जे केलं असतं तेच केलं. मस्त भुसभुशीत काळी माती आणून कंदांना भर लावली. अशी लावली की बघणाऱ्यानं वाहवा करावी. वर उसाचं पाचट अंथरलं. सकाळ-संध्याकाळ पाणी. मला दवाखान्यात येऊन काही बोलली नाही, पण डोळ्यांत काहीतरी चमकत होतं. सुनेला दाखवायचं होतं तिला.

आम्ही घरी आलो. बिमला अजून अशक्तच, भिंत धरून चालत होती. गयामायनं तिला घरात जाऊसुद्धा दिलं नाही. "चल, देख. बराबर केलं का न्हाई?" बिमलानं पाचट बाजूला केलं. मातीत बोट घातलं. बोटाबरोबर कंद वर आला तो कालवणासारखा, आणि असा घाण वास सुटला की मी पदर नाकाला लावला. तिनं दुसरा काढला. तिसरा. सगळे तसेच.

आणि ती पोरगी रडली. पेटी आली तेव्हा जी रडली नव्हती ती मातीत बसून, दोन्ही हात चिखलात घालून, गल्ली गोळा होईस्तोवर मोठ्यानं रडली. गयामाय कुदळीशेजारी उभी. तोंड उतरलेलं. "काय झालं गं शोभा? म्या काय केलं?" मी म्हटलं, "कुजले गं सगळे." ती मटकन खाली बसली. त्या दिवशी तिनं गल्लीतल्या कुणाला हाकललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी उठून बघते तर गयामाय त्या वाफ्यातली सगळी माती परातीत घेऊन बोटांनी चाळत बसलेली. कुठं कुठं कंदाचं एखादं टणक टोक शिल्लक होतं. विळ्यानं कुजकं कापायची, कापल्या जागी हळद दाबायची आणि सुपात वाळत घालायची. अशी मूठभर टोकं निघाली. ते सूप तिनं बिमलापुढं ठेवलं आणि काही न बोलता शेतात गेली. दोघींमध्ये त्यानंतर कितीतरी दिवस जेवायला हाक मारण्यापलीकडं शब्द नव्हता. "ती मला माफ करायची न्हाई," असं मला म्हणायची. "करू बी नये."

दिवाळीनंतर बिमलाचा भाऊ आला. सभ्य, मऊ बोलणारा पोरगा. तिकडं एक शाळामास्तर होता, बायको वारलेला, घरच्यांनी बोलणी केली होती. बहिणीला घेऊन जातो म्हणाला. यात वाईट काय होतं? काहीच नव्हतं. गयामायनं त्याला पुऱ्या करून वाढल्या, हात धुवायला पाणी दिलं, आणि मग मला म्हणाली, "त्याला सांग. तिच्या मायचं फूल माझ्या हातानं कुजलं. ते माझ्या हातानं एक डाव फुलू दे. फुललं की मी हिला एक दिस बी ठिवून घेनार न्हाई. माझी जबान हाय."

मी सांगितलं. भावानं बिमलाकडं पाहिलं. तिनं मान हलवली, हो म्हणून. फुलासाठी, की तिलाही एवढ्यात जायचं नव्हतं, देव जाणे.

तो गेल्यावर मी गयामायला चांगली झापली. "हे काय कबूल करून बसलीस? ती जाऊ नये म्हणून तुझा जीव वर-खाली, आणि तूच तिच्या जाण्याला मुहूर्त काढून दिलास!" ती म्हणाली, "मंग काय बांधून ठिवू तिला?"

आणि कामाला लागली. काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून सगळी उपसून टाकली. औंढ्याच्या रस्त्याकडच्या टेकडीवरून गाडीभर मुरूम आणला. वाफा हातभर उंच केला. कंद लावायला दोघी बसल्या तेव्हा मजा होती. गयामायचे हात ऐकेनात. कंद ठेवला की बोटं आपोआप माती वर ओढायची. बिमला समोरून एका बोटानं ती माती परत बाजूला करायची. ही ओढायची, ती सारायची. "थांब गं, थांब. हाताला सवय हाय, मी काय करू?" असं गयामाय स्वतःच्याच हातावर चापट मारून म्हणायची. बिमला ओठ दाबून बसली होती. पण हसत होती, मी पाहिलं.

मग एकदा बिमला म्हणाली की आमच्याकडं ही झाडं हिवाळाभर बर्फाखाली झोपतात, म्हणून फुलतात. मी ते सांगितलं ही चूकच झाली. दुसऱ्या दिवशी गयामाय गोळेवाल्याकडून लाकडाच्या भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन आली आणि वाफ्यावर फोडायला बसली. अर्ध्या तासात चिखल! बिमला धावत आली, बर्फाचे तुकडे ओंजळीनं गल्लीत भिरकावले. पोरं ते उचलून चोखत पळाली, आणि गयामाय कमरेवर हात देऊन म्हणाली, "आता हे कसलं दुखनं? पाह्यजे बी म्हनता, आन फेकता बी."

पण डोकं चाललं होतं तिचं. संध्याकाळी माझ्याकडं आली ती थेट फ्रिजसमोर जाऊन उभी राहिली. आमचा फ्रिज तेव्हा गल्लीत एकुलता एक. दार उघडलं, आत हात घातला, तळव्याची उलटी बाजू लावून बघितली, लेकराचा ताप बघतात तशी. "ह्यात ऱ्हातेत का गं हे गड्डे?" झालं! पुढच्या वर्षी कंद उन्हाळ्यातच उकरून कोरडे ठेवले, आणि दसऱ्यापासून संक्रांतीच्या आसपासपर्यंत आमच्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात कोथिंबिरीशेजारी ते फडक्यात गुंडाळून झोपले. लाईट गेली की गयामाय हजर. "त्याला गरमी होत असंल." आणि गरमी होते का ते बघायला दार उघडून उभी! हे एकदा वैतागून म्हणाले, "फ्रिज आपला आहे की गयामायचा?" मी म्हटलं, "तिलाच विचारा." विचारलं नाही.

त्या वर्षीही नुसती पानं आली. भाऊ पुन्हा आला, वाफा बघितला, मास्तर थांबायला तयार आहेत म्हणाला, आणि हात जोडून परत गेला. मग गल्लीत कुजबूज सुरू झाली. समोरच्या वत्सलाबाई तर मोठ्यानंच म्हणाल्या, "म्हातारी बिलंदर आहे. मुद्दाम फुलू देत नाही." मला राग आला. पण मनात पाल चुकचुकलीच. मी सरळ विचारलं, "गयामाय, खरं सांग. तुला ते फुलायला हवंय का?"

ती बराच वेळ बोटांवरचं पिवळं खरवडत बसली. "न्हाई पाह्यजे," म्हणाली. "रोज सकाळी उठून बघते, आन न्हाई दिसलं की बरं वाटतं. खोटं काहून बोलू? पन शोभा, मी त्याच्या वाईटावर न्हाई. जे त्याला पाह्यजे ते समदं करून राहिले. आता त्याचं नशीब आन माझं."

दुसऱ्या वर्षी फ्रिजचा वनवास पुन्हा झाला. दरम्यान आमचा तालुका परभणीतून निघून नव्या हिंगोली जिल्ह्यात आला होता, चौकात कमानी लागल्या होत्या, फटाके वाजले होते. गयामाय म्हणाली, "पाटी बदलली, पानी कवा येनार ते सांगा." शेतात हळद काढणीला आली होती. त्या दिवसांत एका सकाळी ती आली आणि मशीनशेजारी बसली. भाजी उघडी होती गॅसवर, तिनं बघितली नाही.

"शोभा, कळी हाय."

"दिसली?"

"दिसत न्हाई. पानाच्या पोटात गाठ लागती हाताला. बिमलीला ठावं न्हाई."

माझ्या मनात जे आलं ते तिच्याही मनात आलं असणार. चिमटीत धरून पिळली असती तर कुणाला कळलं असतं? देवालासुद्धा नाही. त्यानंतरचे तीन-चार दिवस मी रोज उठून आधी त्या वाफ्याकडं बघायची. गयामाय शेतातसुद्धा उशिरा जायला लागली. कोंबडी आली की धावून जायची, बकरी आली की धावून जायची. जे फुलू नये असं वाटत होतं, त्याच्यावर पहारा करत बसली होती बाई.

आणि मग एका सकाळी तिचा आवाज आला, "ए बिमला, ऊठ. तेरा फूल आया."

मी तोंडावर पाणी मारून धावले. वीतभर उंच, पिकल्या जांभळाच्या रंगाचं. एक पाकळी किड्यानं कातरलेली. खालच्या पाकळ्यांवर खरंच पिवळी दाढी होती. गयामायनं उकिडवं बसून एका बोटानं ती दाढी कुरवाळली. "खोटं न्हाई बोलली पोरगी," म्हणाली.

बिमला आली, गुडघ्यांवर बसली, आणि बोलायलाच लागली. एवढी भरभर की मला मराठी करता करता पुरेवाट झाली. म्हणाली, "माँजी, उन्होंने भी यही किया था." तिच्या आईच्या खालच्या खोलीत भगवान भाड्यानं राहायचा. एका सुट्टीच्या दिवशी मदत करायची म्हणून त्यानं अंगणातल्या फुलांच्या अख्ख्या ओळीला माती ओढली, छान भर लावली, बादल्यांनी पाणी घातलं. सगळी ओळ कुजली. तिच्या आईनं झाडू उगारला, तर हा मान खाली घालून म्हणाला, आमच्याकडं असंच करतात. मग दर रविवारी यायचा, झाडं नीट करायला. त्यातच दोघांचं जमलं. "त्या दिवशी दवाखान्यातून आले आणि ती भर बघितली ना," बिमला म्हणाली, "तर मला वाटलं, हेच येऊन गेलेत. म्हणून रडले. मी तुमच्यावर रागावले नव्हते, माँजी."

मी सांगितलं. गयामाय माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "पुन्हा सांग," म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. मग ती बिमलाकडं वळली आणि हातांनी माती ओढल्यासारखं करून विचारलं, "ऐसा? भगवान ऐसा किया?" बिमलानं मान डोलवली. आणि गयामाय हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. "मुडद्यानं तिथं जाऊन बी भर लावली! माझा लेक गं, माझा लेक!"

त्या दिवशी कुणी शेतात गेलं नाही. दुपार टळेपर्यंत गयामाय विचारत होती आणि बिमला सांगत होती. माझे चार ब्लाउज तसेच पडले, आणि पडू देत म्हटलं. तो चहात किती साखर घ्यायचा, कुणाशी भांडायचा, आईची आठवण काढायचा का. तो झोपेत मराठी बोलायचा, हेही कळलं.

संध्याकाळी बिमला म्हणाली, "माँजी, मैं नहीं जाती. यहीं रहूँगी."

हे मला सांगावं लागलं नाही. ज्या शब्दांसाठी म्हातारीनं जीव टाकला होता ते शब्द आपल्या पायांनी चालत आले होते. गयामाय म्हणाली, "जाने का." आणि पुढचं मराठीतच, मला सांग म्हणून. "तिला सांग, मी बी तिच्याच वयाची व्हते. मी ऱ्हायले. समदे म्हनले, बाई लई खंबीर. पन मला कोनी जा म्हनलंच न्हाई गं. एकानं बी न्हाई. मी हिला जा म्हनते."

हे मराठीतून हिंदीत करताना मला दोनदा थांबावं लागलं.

भाऊ आला, आणि आम्ही एस.टी. स्टँडवर गेलो. गयामाय रडली नाही. खिडकीची जागा मिळावी म्हणून कंडक्टरशी भांडली, भाकरीचं गाठोडं तीनदा तपासलं, काच लाव म्हणून बिमलाला रागे भरली. बस निघाली तशी वळली आणि घरी न येता तडक शेताकडं चालायला लागली. हळद शिजवायला मजूर लावलेले होते. तिनं सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, म्हणून उन्हं कलल्यावर मी डबा घेऊन गेले. पुढं थोड्याच दिवसांत आमच्या ह्यांची बदली झाली आणि वसमत सुटलं, त्यामुळं माझ्यापाशी आहे ती तिची हीच शेवटची आठवण. मोठ्या कढईतून वाफा निघत होत्या, आणि त्या वाफेतून तिचा आवाज येत होता, जाळ कमी करा मुडद्यांनो, करपवता का. मी बांधावर बसले. ती आली, शेजारी टेकली, भाकरीचा एक तुकडा मोडला आणि हातात तसाच धरून बसली.

"शोभा," म्हणाली, "तिथं थंडीत भगवानच्या पायाला भेगा पडत व्हत्या का गं? ल्हानपनी लई पडायच्या. रगत यायचं. चालता येत न्हाई म्हनून शाळेत उचलून न्यायचे मी."

जिला माहीत होतं तिची गाडी एव्हाना नांदेडहून सुटली असेल.

"समदं इचारलं," गयामाय म्हणाली. "हेच इचारायचं ऱ्हाऊन गेलं." तिकडून मजुरानं कढई उतरवायला हाक मारली, तशी ती भाकरीचा तुकडा माझ्या हातात देऊन उठली.